एका तांदळाचं अंतर

गेंडिसच्या चेलोवर मला ती रेघ दिसली आणि माझी शनिवारची सकाळ नासली. रेघ म्हणजे काय, तर वाळलेला डिंक. नवशिक्यांच्या चेलोच्या मानेवर, जिथे तारा दाबायच्या त्या काळ्या लाकडावर, मी पांढऱ्या चिकटपट्ट्या आडव्या लावून देते. चार बोटांच्या चार. सूर कुठे आहे हे पोराच्या डोक्यात शिरायच्या आधी त्याच्या बोटाला कळावं म्हणून. त्या पट्ट्या मी कानाने लावते. फोनवरच्या सूरमापकाची सुई बघून पट्ट्या लावणाऱ्या मास्तरांची मी जन्मभर टिंगल केली आहे. माझ्या दारात एक वेताची टोपली आहे; आत येणाऱ्याने चपला पायरीखाली काढायच्या आणि फोन टोपलीत टाकायचा, मग तो सहा वर्षांचा असो की साठ. तर गेंडिसच्या चौथ्या बोटाच्या पट्टीपासून एका तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर, घोडीच्या बाजूला, डिंकाची एक मळकट रेघ होती. तिसऱ्या बोटाच्या पट्टीशेजारीही तशीच. पट्टी काढून दुसरीकडे लावली की अशी रेघ राहते आणि धूळ धरते. पण एकदा काढल्याने ती इतकी काळी होत नाही. ही दर आठवड्याची ये-जा होती.

मी विचारलं. गेंडिस नऊ वर्षांची, समोरचे दोन दात अजून अर्धेच आलेले, खोटं बोलायला शिकायची आहे. तिने गज मांडीवर आडवा ठेवला आणि शाळेत उत्तर द्यावं तसं सांगितलं, "ती घरची जागा आहे, बू. ही इकडची." बू म्हणजे बाई; मला सगळे तेच म्हणतात.

"घरची म्हणजे?"

"घरी आई पट्टी तिकडे लावते. शनिवारी निघायच्या आधी परत इथे आणते." मग माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं, कारण तिने घाईने जोडलं, "आई म्हणते, बूंना वाईट वाटेल."

मी "बरं" म्हटलं आणि पुढचा धडा वाजवायला सांगितला. तिने वाजवला. माझ्या पट्ट्यांवर बोटं ठेवून, जीभ दातांच्या फटीत धरून, छान वाजवला. मला तो सुरेल ऐकू आला, आणि मी घाबरले ते त्यामुळेच. तास संपल्यावर तिची आई ओसरीवरून उठली, केळीच्या पानात बांधलेल्या गरम सेराबी, म्हणजे तांदळाच्या गोड पोळ्या, माझ्या हातात दिल्या, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मी तिच्या सासूच्या मोतीबिंदूची केली. गेंडिस किती सुधारली आहे असं ती म्हणाली, सगळं बूंमुळे. दोघी हसलो. मी तिच्या अंगठ्याच्या नखाकडे बघत होते. एवढीशी पट्टी उचकटायला नख लागतं. तिला तिथल्या तिथे विचारता आलं असतं, पण आमच्या सोलो शहरात माणसाच्या तोंडावर त्याची खोट सांगणं म्हणजे भर मांडवात त्याची लुंगी ओढणं, आणि आपलीच खोट दुसऱ्याला विचारणं हे तर त्याहून वाईट, कारण मग समोरच्याला खोटं बोलावं लागतं. मी तिला त्या पापात पाडलं नाही. स्कूटर गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत पायरीवर उभी राहिले, हात हलवला, आणि आत येऊन दाराला कडी लावली.

मग मी माझा स्वतःचा फोन काढला. भाचीने कधीतरी त्यात ते सुईचं यंत्र घालून दिलं होतं. मी ते कधी उघडलं नव्हतं, घरात कुणीतरी अश्लील पुस्तक आणून ठेवावं तसं ते तिथे पडून होतं. रिकाम्या तारा नादकाट्यावरून लावते, त्या ठीक निघाल्या. सुई मधोमध, हिरवी. चौथं बोट ठेवलं. सुई डावीकडे पडली, लाल. तिसरं ठेवलं, लाल. मी बोट सरकवत सरकवत सुई मध्यावर आणली, तेव्हा माझ्या कानाला तो सूर कच्च्या कैरीसारखा लागला, दात आंबावेत तसा. बोट मागे घेतलं की गोड व्हायचा आणि सुई लाल व्हायची. अर्धा तास मी हेच करत बसले. यंत्र बिघडलं असेल म्हणून फोन बंद करून पुन्हा लावला. एकसष्ट वर्षांची बाई, पन्नास वर्षं हे लाकूड गुडघ्यांत धरलेली, एका सुईशी हुज्जत घालत होती. आणि या सगळ्या वेळात मला माहीत होतं. चार वर्षांपूर्वी डेंग्यूचा ताप आला होता, त्यानंतर महिनाभर डाव्या कानात रातकिडा बसला होता. चेलोच्या जाड तारेची खुंटी डाव्या कानाला जवळजवळ टेकते. कुठल्याही चेलोवाल्याला विचारा, तो आपलं वाद्य त्या कानानेच ऐकतो. मग रातकिडा गेला. कान बरा झाला असं मी धरून चालले. डावा कान दाबून एकदा वाजवून बघावं असं मला तेव्हा फोनसमोर सुचलं आणि मी बघितलं नाही. तेवढं धाडस अंगात नव्हतं.

चार वर्षं. चहा गार झाला तरी मी ती चार वर्षं उलटीसुलटी करत होते, आणि प्रत्येक घडीतून काहीतरी बाहेर पडत होतं. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या वाद्यवृंदात मला पहिल्या रांगेतून उठवून पोरांच्या मागे बसवलं. त्यांना तुमचा आधार हवा, बू, असं सांगितलं. मी इतकी फुशारले की त्या रात्री सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. योग्याकर्ता शहरातल्या माझ्या एका जुन्या मैत्रिणीने एकत्र वाजवायचं हळूहळू बंद केलं, तिची पाठ दुखते म्हणून. फोनवर मात्र पाठ कधी दुखत नसे. आणि ईद. दर ईदला माझे सगळे शिष्य येतात, मुसलमान, ख्रिस्ती, सगळेच. लहान मोठे रांगेने गुडघ्यांवर बसून माझा हात कपाळाला लावतात आणि आमच्या रीतीप्रमाणे क्षमा मागतात, दिसलेल्या चुकांची आणि न दिसलेल्या चुकांची. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणते, सगळं माफ, माझंही माफ करा. बरण्यांतली अननसाची बिस्किटं वाटते. चार ईदा ती पोरं माझ्यासमोर वाकून त्या पट्ट्यांची माफी मागत होती, आणि मी मोठ्या मनाने देत होते. मला आता कुणाचाच राग येत नव्हता असं म्हणणं खोटं होईल. मला सगळ्यांचा राग येत होता. एकालाही वाटलं नाही की या म्हातारीला सांगावं? पण कुणी सांगितलं असतं तर? मी ओळखते ना मला. गेल्याच पावसाळ्यात एका पोराने वाजवता वाजवता बोट जरा वर नेलं, म्हणजे बहुतेक बरोबर जागी नेलं, तर मी त्याला विचारलं होतं की घरी बकऱ्या पाळल्या आहेत का. तो आता बुद्धिबळाच्या वर्गाला जातो.

बापाक, माझे वडील, असते तर त्यांना विचारलं असतं, असं मनात आलं आणि मग तेही सरळ राहिलं नाही. बापाक गामेलान, म्हणजे आमच्याकडच्या धातूच्या वाद्यांचा संच, सुरात लावायचे. काशाच्या पट्ट्या मांडीवर घेऊन कानशीने घासायचे. टोकं घासली की सूर चढतो, मधलं पोट घासलं की उतरतो. ओठांत लवंगेची सिगारेट, मांडीभर सोनेरी भुकटी. गामेलानचं बरं असतं, प्रत्येक संचाचा सूर आपापला, एका गावचा दुसऱ्याशी जुळत नाही आणि जुळावा अशी कुणाची अपेक्षाही नाही. पण संचाच्या आत तरी वरच्या पट्टीने खालच्या पट्टीशी इमान राखायला हवं. मी एकोणीस वर्षांची असताना योग्याकर्ताहून सुट्टीला आले होते, वाद्यशाळेत तीन वर्षं काढून कानाला नुसती धार आली होती. बापाकनी नुकताच एक संच पुरा केला होता, त्यांचा शेवटचा. त्यांनी मला हाक मारून तो वाजवून दाखवला. वरच्या पट्ट्या सगळ्या ढळलेल्या होत्या. म्हाताऱ्याला वरचं ऐकू येईनासं झालं होतं आणि ते कुणाच्या गावी नव्हतं, किंवा सगळ्यांच्या होतं. त्यांनी कानस खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. त्या घरात दुसऱ्या कुणाकडे त्यांनी असं कधी बघितलं नसेल. मी म्हणाले, छान बसलंय, बापाक. एवढंच. तो संच अजून दक्षिणेकडच्या एका गावात आहे. तिथली पोरं त्याच्यावर शिकली, त्यांची पोरं शिकली. मी एकदा गेले होते. तिथले वादक म्हणाले की आमचा संच गोड, शेजारच्या गावचा ऐकवत नाही. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं चारचौघांत हसून सांगत आले, बापाकच्या कानाची वेगळी चव म्हणून.

दोन वाजता डॉक्टर हारतोयो आले. निवृत्त दंतवैद्य, अडुसष्ट वर्षांचे; बायको गेल्यावर घर फार शांत झालं म्हणून चेलो घेतला, तीन वर्षांत तीन गाणी येतात आणि तिन्ही ते तिच्यासाठी वाजवतात. सगळ्या वर्गात मला त्यांचा तास सर्वात आवडतो. त्यांच्या चेलोवर डिंकाची रेघ नव्हती. मला हायसं वाटलं. मग उजेडाच्या बाजूने बघितलं तर पट्टीच्या शेजारचं काळं लाकूड एका आडव्या पट्ट्यात फिकट पडलं होतं, स्पिरिटने पुसून पुसून. दातांचा डॉक्टर, काम स्वच्छ. मी बघते आहे हे त्यांनी बघितलं. आम्ही दोघंही क्षणभर त्या फिकट पट्ट्याकडे बघत राहिलो. मग ते म्हणाले की या वर्षी आंबे उशिरा आले आहेत, आणि मी म्हणाले, हो ना. तास झाल्यावर निघताना त्यांनी माझा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरला.

तेव्हा मला निमास आठवली. खरं तर सकाळपासून मी तिच्याच भोवती फिरत होते आणि तिच्यापाशी जायचं टाळत होते. ज्यांच्या घरी आया होत्या, फोन होते, स्पिरिटची बाटली होती, ते सगळे वाचले. निमासच्या बापाचं बस थांब्याजवळ पंक्चर काढायचं दुकान आहे. ताप उतरल्यानंतर मी घेतलेली ती पहिली शिष्या. तेव्हा तेरा वर्षांची होती, आता सतरा. माझाच जुना चेलो मी तिला वापरायला दिला आहे. तिच्या चेलोवर आता पट्ट्या नाहीत. वर्षभरात तिला गरज उरली नाही, माझ्या पट्ट्या तिने हातात उतरवून घेतल्या. रोज चार तास, बापाच्या कॉम्प्रेसरच्या आवाजात. यंत्र बघायचं नाही असं मी सांगितलं होतं म्हणून तिने घरीसुद्धा बघितलं नाही, हे मला न विचारता माहीत होतं. गेल्या वर्षी तिने योग्याकर्ताच्या संगीत संस्थेची प्रवेश परीक्षा दिली आणि ती नापास झाली. तिला मी पंखाखाली घेतलं आणि म्हणाले, परीक्षकांच्या कानात कापूस घातलेला असतो, पोरी. या वर्षीची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. या वेळी झालं नाही तर बाप तिला कापड गिरणीत लावणार, तसं त्याने स्वतः येऊन, टोपी हातात धरून मला सांगितलं होतं. त्याने एक वर्ष जास्त दिलं ते माझ्या शब्दावर.

ती चारला यायची. साडेतीनलाच आली, नेहमीसारखी. फुटक्या काचेचा फोन टोपलीत ठेवला, आत येऊन माझा हात कपाळाला लावला, राळ काढून गजावर फिरवू लागली. मी ठरवलं होतं की ती बसल्याबरोबर सांगायचं. तिने विचारलं, परीक्षेचं वाजवू का. मी म्हणाले, वाजव. भित्री ती भित्रीच. तिने सुरुवात केली आणि मला ते इतकं सुंदर ऐकू आलं की माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. असा गज मी पन्नास वर्षांत दोनदा बघितला असेल. घाई नाही, दाखवणं नाही, प्रत्येक सूर आपल्या जागी जाऊन बसत होता. माझ्या जागी. तेव्हा मी डाव्या कानावर तळहात दाबला.

खोलीतलं सगळं तेच होतं. खिडकीतला उजेड, तिच्या मानेवरची घामाने चिकटलेली बट, तोच वर चढत जाणारा गज. फक्त सूर पडले होते. अधूनमधून नाही, चुकून नाही. तिसरं बोट आणि चौथं बोट, प्रत्येक वेळी, सगळीकडे, तेवढेच खाली. शिस्तीने. नवशिक्या चुकतो तेव्हा कधी वर जातो, कधी खाली, त्याचा हात सूर शोधत असतो. ही शोधत नव्हती. हिला सापडलेला होता. मी तळहात काढला की ते गाणं पुन्हा उभं राहायचं, दाबला की पुन्हा पडायचं. तिला वाटलं माझं डोकं दुखतं आहे. ती थांबली.

मी सांगून टाकलं. कुठून धीर आला कोण जाणे. "निमास, माझा डावा कान बिघडलाय. चार वर्षं झाली. मी तुला सगळं उतरलेलं शिकवलं."

तिने गुडघ्यांकडे बघितलं. "नाही, बू."

"नाही काय? बाकी सगळ्यांना कळलंय, घरी नीट करून घेतात. परीक्षकांनी गेल्या वर्षी तुला हेच सांगितलं असणार."

बाहेर पावाची गाडी तीच ती धून वाजवत गेली. मग निमास हळूच म्हणाली, "सांगितलं होतं. कोण शिकवतं म्हणून विचारलं. मी नाव नाही सांगितलं."

"आणि मला का नाही बोललीस?"

"तुम्ही म्हणालात त्यांच्या कानात कापूस आहे." यात टोमणा नव्हता. तिने मला माझंच वाक्य परत दिलं, सांभाळून ठेवलेली वस्तू द्यावी तसं.

मी खुर्ची ओढून तिच्या अगदी जवळ बसले. अजून तीन आठवडे आहेत असं माझ्या डोक्यात चाललं होतं. बोटच तर आहे, बोट सरकवता येतं, एका तांदळाएवढं अंतर, रोज चार तास करणाऱ्या पोरीला काय अवघड. मी डावा कान घट्ट दाबला आणि तिला म्हटलं, दुसऱ्या तारेवर चौथं बोट ठेव, लांब गज घे. आता घोडीकडे सरकव. अजून. अजून थोडं. थांब. आणि तो लागला. असा लागला की शेजारची जाड तार, जिला कुणी हात लावला नव्हता, आपोआप थरथरू लागली. वाद्याचं हे असं असतं, सूर बरोबर लागला की त्याची दुसरी तार साक्ष देते, ते डोळ्यांनी दिसतं. गेली चार वर्षं त्या तारेकडे बघायचं मला सुचलं नव्हतं. मी तिला ती तार दाखवली. "हा. हा खरा. ऐक."

तिने ऐकलं. एकदा वाजवलं, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, डोळे मिटून, माझ्याकडे कान करून. तिचे कान सतरा वर्षांचे आहेत. बापाच्या दुकानात बसून ती नुसत्या आवाजावरून टायर किती भरला ते सांगते. चौथ्यांदा वाजवताना तिच्या कपाळावर आठी पडली. नम्र पोरगी आहे, तिने आठी पुसायचा प्रयत्न केला. मी थांबले. माझ्या घरात चार वर्षांत जे कुणी केलं नव्हतं ते ही करणार आहे, हे मला तिच्या चेहऱ्यावर येताना दिसत होतं, आणि तिला अडवावंसं वाटत होतं.

"राग मानू नका, बू," ती म्हणाली. "पण हे चढलेलं आहे. मला ऐकवत नाही."

तार अजून थरथरत होती. मी कानावरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि तिला तोच सूर पुन्हा घ्यायला सांगितलं. तिने घेतला. आम्ही दोघींनी तो शेवटपर्यंत ऐकला. चढलेलाच होता.